खिडकीपाशी मुकी होणारी भाषा

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एचएसबीसी या बलाढ्य ब्रिटिश बँकेने वेल्समधील खातेदारांसाठी चालविलेली वेल्श भाषेतील दूरध्वनीसेवा बंद करण्याचे जाहीर केले. कारण म्हणून बँकेने दोन आकडे पुढे ठेवले. वेल्श भाषेच्या दूरध्वनीवर दिवसाला सरासरी २२ जणांची विचारणा होते. इंग्रजीच्या दूरध्वनींवर ती १८,००० जणांची असते. ज्याला वेल्शमध्येच बोलावयाचे असेल त्याला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँक आपण होऊन दूरध्वनी करील, अशी पुस्तीही या निवेदनास जोडण्यात आली होती. लोकप्रतिनिधींनी आणि भाषेच्या कैवाऱ्यांनी निषेध केला. बँकेचा निर्णय मात्र ठाम राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली.

बावीस विरुद्ध अठरा हजार! जमाखर्चाच्या वहीत हे आकडे शेजारी शेजारी मांडले की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही, असे व्यवहारी माणसास वाटणे स्वाभाविक आहे. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो मांडून बसणाऱ्या दुकानदाराचे दिवाळे निघते, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. परंतु त्याच अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात आणखी एक गोष्ट शिकविली जाते आणि संचालक मंडळांच्या बैठकीत ती फार लवकर विसरली जाते. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. मागणी ही नेहमी एका विशिष्ट किमतीला असते. किंमत न सांगता मागणीचा आकडा सांगणे म्हणजे माप न सांगता भाव सांगण्यासारखे आहे. मग वेल्श भाषेत बँकेशी, नगरपालिकेशी किंवा दवाखान्याशी बोलण्याची किंमत काय असते? पैशात ती शून्य आहे. पण निराळा क्रमांक शोधावा लागतो, वेल्श जाणणारा माणूस जागेवर येईपर्यंत थांबावे लागते, मागे रांगेत उभ्या असलेल्यांचे सुस्कारे ऐकावे लागतात आणि ‘इंग्रजी येत असताना हा मनुष्य उगाच अडून बसला आहे’ असा भाव समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचावा लागतो. एवढी किंमत मोजून दिवसाला २२ माणसे आपली भाषा मागत होती. हा आकडा लहान आहे की मोठा, हे ठरविण्यापूर्वी ती किंमत लक्षात घ्यावयास हवी होती.

वेल्स हा आकाराने लहान देश. त्याची लोकसंख्या २०२१ च्या गणनेप्रमाणे सुमारे ३१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत जेवढी माणसे मोजली गेली जवळजवळ तेवढीच. त्यांपैकी वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे शंभरात १८ हून थोडे कमी. आपल्याकडील २०११ च्या कोल्हापूर शहराएवढी ही वस्ती झाली. १९११ साली हाच आकडा ९ लाख ७७ हजार होता आणि शंभरात त्रेचाळिसांहून अधिक लोक ही भाषा बोलत होते. आज वेल्श बोलणारा जवळजवळ प्रत्येक प्रौढ मनुष्य इंग्रजीही उत्तम जाणतो. वेल्शच्या बाजूने बोलणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो येथेच: दोघांनाही इंग्रजी येत असताना खिडकीवरच्या कारकुनाला वेल्श येण्याची गरजच काय?

या प्रश्नाला इतिहासाने दिलेले एक उत्तर फार बोलके आहे. कार्मार्थनशायरमधील लानगेनेख या गावी ट्रेवर बीझली नावाचा एक खाणकामगार आणि त्याची शिक्षिका असलेली पत्नी आयलीन राहत होती. १९५२ साली लानेली ग्रामीण परिषदेकडून घरपट्टीची मागणी आली ती केवळ इंग्रजीत. पट्टी भरण्यास या दांपत्याची ना नव्हती. मागणीपत्र वेल्शमध्ये द्या, मग भरतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. परिषदेने नकार दिला. डझनाहून अधिक वेळा त्यांना न्यायालयात खेचण्यात आले, बेलिफ पुनःपुन्हा दारी आले आणि घरातले सामानसुमान उचलून घेऊन गेले. हे आठ वर्षे चालले. १९६० साली परिषदेने अखेर द्विभाषिक मागणीपत्र छापले आणि प्रकरण मिटले.

या हकीकतीतील खरे मर्म मात्र हालअपेष्टांत नाही. त्या भागातील बहुसंख्य लोक वेल्श बोलणारे होते. परिषदेचे सभासद आणि तेथील अधिकारीही वेल्श बोलणारेच होते. म्हणजे खिडकीच्या अलीकडेही वेल्श आणि पलीकडेही वेल्श, आणि मधून जाणारा कागद तेवढा इंग्रजी! भाषेचे कौशल्य दोन्ही बाजूंना मुबलक होते. त्या कौशल्याला कामावर रुजू करून घेण्याची तयारी मात्र कोणाची नव्हती. ते घरी, चर्चमध्ये, गाण्याबजावण्यात चालत होते. कचेरीच्या उंबरठ्यावर चपलांबरोबर काढून ठेवले जात होते.

ही सवय एका दिवसात लागलेली नव्हती. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३६ च्या कायद्याने, न्यायदानाची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्शवाचून दुसरी भाषा न येणाऱ्यास सरकारी पद बंद झाले. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकविण्यात येई. तो दुसरे मूल सापडेपर्यंत त्याच्या गळ्यात राही आणि दिवसअखेर ज्याच्या गळ्यात सापडे त्याला छडी मिळे. आईबापांचा याला फारसा विरोध नसे, हे अधिक शोचनीय. त्यांचा हिशेबही बाजाराचाच होता: पोरगा इंग्रजी शिकला तर कारकून होईल, नाही तर खाणीत उतरेल. भाकरीची भाषा आणि काळजाची भाषा अशी वाटणी एकदा झाली म्हणजे काळजाच्या भाषेला कितीही हार घातले तरी ती पिढीगणिक आक्रसत जाते. सोळाव्या शतकात बायबलाचे सुंदर भाषांतर झालेली, काव्यस्पर्धांची जुनी परंपरा मिरविणारी ही भाषा साहित्याच्या दारिद्र्याने मागे पडलेली नाही, हे मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. साहित्य समृद्ध असणे आणि भाषा व्यवहारात असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

फेब्रुवारी १९६२ मध्ये नाटककार सॉन्डर्स लुइस यांनी नभोवाणीवरून ‘भाषेचे भवितव्य’ या आशयाच्या शीर्षकाचे व्याख्यान दिले आणि बीझली दांपत्याचा कित्ता गिरविण्यास सांगितले. कचेरी, न्यायालय, टपाल यांचा व्यवहार वेल्शवाचून चालविणे अशक्य करून सोडा, हा त्याचा सारांश. त्याच वर्षी वेल्श भाषा समाजाची स्थापना झाली. फेब्रुवारी १९६३ मध्ये अॅबरिस्टविथ येथील तरुणांनी तेथल्या टपाल कचेरीच्या भिंती वेल्श भाषेच्या मागणीच्या भित्तिपत्रकांनी भरून टाकल्या आणि त्रेवेखानच्या पुलावर बसून रहदारी अडविली. १९६७ चा कायदा, १९९३ चा कायदा आणि वेल्शला अधिकृत दर्जा देणारा २०११ चा कायदा ही त्या चळवळीची फळे. त्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. शेवटच्या कायद्यातून निघालेली एक गोष्ट मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे.

ती म्हणजे मार्च २०१६ पासून आधी सरकार व स्थानिक परिषदांना आणि पुढे टप्प्याटप्प्याने आरोग्यसेवेसारख्या इतर सार्वजनिक संस्थांना लागू झालेली भाषाविषयक मानके. यांत उदात्त घोषणा फारशा नाहीत. कचेरीतील कारकुनाला कळेल अशा रोखठोक सूचना आहेत. दूरध्वनी उचलताना पहिले अभिवादन वेल्शमध्ये व्हावे. वेल्शमध्ये आलेल्या पत्रास वेल्शमध्येच उत्तर जावे. स्वागतकक्षात वेल्श बोलणारा कर्मचारी असल्यास ते दिसेल असे चिन्ह त्याच्या अंगावर असावे. कोणत्या कर्मचाऱ्याला वेल्श किती येते याची नोंद संस्थेने ठेवावी आणि ज्यांना येत नाही त्यांना कामाच्या वेळातच प्राथमिक धडे मिळावेत. मानके मोडणाऱ्या संस्थेस भाषा आयुक्त ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकतात. एखाद्या मोठ्या परिषदेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम चहापाण्यात जमा होईल, हा भाग वेगळा.

या सूचनांतील अभिवादनाची सूचना वरकरणी सर्वांत क्षुल्लक वाटते. वस्तुतः सारे रहस्य तिच्यातच आहे. दोन अनोळखी माणसांचे संभाषण पहिल्या दोन शब्दांत ज्या भाषेत सुरू होते त्याच भाषेत ते शेवटपर्यंत चालते. एवढेच काय, पहिली भेट इंग्रजीत झालेली दोन वेल्शभाषी माणसे पुढे वर्षानुवर्षे एकमेकांशी इंग्रजीतच बोलत राहतात. मध्येच भाषा बदलणे त्यांना अवघडल्यासारखे होते. खिडकीवरचा कारकून प्रथम इंग्रजीत बोलला तर वेल्शभाषी गिऱ्हाइकापुढे दोनच मार्ग राहतात. भाषा मागून घ्यावी आणि थोडा वाईटपणा पत्करावा, किंवा मुकाट्याने इंग्रजीत काम उरकावे. बहुतेक लोक दुसरा मार्ग पत्करतात आणि सभ्य माणसाने तसेच करावे अशी त्यांची समजूतही असते. संध्याकाळी कारकून वरिष्ठांना सांगतो की आज कोणीही वेल्श मागितली नाही. त्याचे हे सांगणे अक्षरशः खरे असते, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष तितकाच खोटा.

वेल्समधील आरोग्यसेवेने २०१२ पासून एक तत्त्व स्वीकारले आहे. रुग्णाने मागण्यापूर्वी सेवकाने आपण होऊन वेल्शमध्ये सेवा देऊ करावी, मागण्याचा भार रुग्णावर टाकू नये. ‘पुरवठा आपली मागणी आपणच निर्माण करतो’ हा जां बातिस्त से यांचा सिद्धान्त केन्सनंतर पाठ्यपुस्तकांत केवळ खोडून काढण्यासाठी शिकविला जातो. पण दवाखान्याच्या खिडकीपाशी तो आजही चांगला लागू पडतो. आणि येथे केवळ सोयीचा प्रश्न नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत अनेकदा असे दिसते की नंतर शिकलेली भाषा आधी हरपते आणि आईकडून मिळालेली तेवढी शिल्लक राहते. पाणी हवे, कूस बदलावयाची आहे, पोटात दुखते आहे, हे त्या एकाच भाषेत सांगता येणारी म्हातारी आणि ती भाषा न समजणारी परिचारिका, यांच्यामध्ये जे घडते त्याला ‘ग्राहकसेवेतील उणीव’ म्हणणे फारच सौम्य होईल. लहान मुलांची स्थितीही हीच असते. ‘दोघांनाही इंग्रजी येते’ हे विधान सर्वांना आणि सर्व वेळी लागू नाही, हे येथे स्पष्ट होते.

सेवा देऊ करावयाची तर ती माणसामार्फत द्यावी लागते. कागद भाषांतरित करून भागत नाही. २००८ साली स्वान्सी येथे याचे विनोदी पण बोधप्रद प्रात्यक्षिक घडले. अवजड वाहनांस प्रवेशबंदी करणारी एक पाटी नगर परिषदेने वेल्शमध्ये भाषांतरासाठी पाठविली. भाषांतरकर्त्याकडून वेल्शमध्ये उत्तर आले, ते पाटीवर रंगविण्यात आले आणि पाटी रस्त्यावर उभीही राहिली. वेल्श जाणणाऱ्या पहिल्या वाटसरूने ती वाचली तेव्हा कळले की तिच्यावर लिहिले आहे, ‘मी सध्या कचेरीत नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवून द्यावे.’ जगभर हसू झाले. भाषांतरकर्त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. पाटी मागविणारा, रंगविणारा आणि उभारणारा अशा त्या साखळीत ती वाचू शकणारा एकही माणूस कामावर नव्हता, ही खरी गोष्ट. कायद्याचे पालन कागदोपत्री व्हावे, पण त्यासाठी भाषा जाणणारा नोकर ठेवू नये, या काटकसरीचे असेच फळ मिळते.

उलट बाजूचीही एक अडचण आहे आणि ती वेल्श बोलणाऱ्यांच्या मनात आहे. ‘आमची वेल्श काही एवढी चांगली नाही’ हे वाक्य वेल्समध्ये वारंवार कानी पडते. वेल्शमध्ये शब्दाचे पहिले अक्षरच मागील शब्दाप्रमाणे बदलते. कार्डिफला ‘कायरदिद’ म्हणावे, पण ‘कार्डिफला जाणे’ म्हणताना त्याच शब्दाचा आरंभ ‘ग’ ने करावा लागतो. घरात हे आपोआप जमते; साहेबाच्या समोर, लेखी पत्रात ते जमेल की नाही याची धास्ती वाटते. त्यात सरकारी अर्जांची वेल्श इतकी जडजंबाल असे की घरी वेल्श बोलणारा मनुष्यही अर्जाची इंग्रजी बाजू उलटून भरी. हे सोसलेले आपणही आहोत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर आलेल्या पदनाम कोशाला लोकांनी ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविले ते कोशकारांच्या निष्ठेविषयी शंका होती म्हणून नव्हे. लोकांच्या तोंडचा शब्द सोडून भलताच शब्द कागदावर आला म्हणून. वेल्समध्ये पुढे सोप्या वेल्शचा आग्रह धरण्यात आला, आणि वेल्श शिकत असलेल्या कर्मचाऱ्यासाठीही निराळे चिन्ह काढण्यात आले. भाषा जाणणाऱ्याच्या छातीवर नारिंगी रंगाचा बोलण्याचा फुगा असतो. ‘मी शिकतो आहे’ असे सांगणारी त्याची दुसरी आवृत्ती नवशिक्याला मिळते. समोरच्याने थोडे सांभाळून घ्यावे आणि याने चुकत का होईना बोलावे, एवढी सवलत त्या इवल्याशा चिन्हाने मिळते. शुद्धतेच्या धाकाने जेवढी वेल्श गप्प झाली असेल तेवढी कायद्याच्या बंदीनेही झाली असेल की नाही, शंकाच आहे.

आता पगाराचा विषय. या प्रश्नाची चर्चा करणारे भाषाप्रेमी याच ठिकाणी संकोचतात, म्हणून तो स्पष्ट बोलणे जरूर आहे. दहा जणांच्या कचेरीत एकाच कनिष्ठ कारकुनाला वेल्श येते असे समजा. वेल्श पत्र आले की ते त्याच्याकडे. वेल्श बोलणारे गिऱ्हाईक आले की हातातले काम टाकून तो खिडकीवर. परिपत्रकाचे भाषांतर हवे की ‘जरा नजर टाका’ म्हणून तेही त्याच्याच मेजावर. त्याचे मूळ काम कमी होत नाही आणि पगारात एका पेनीचा फरक पडत नाही. लघुलेखन किंवा हिशेब हे कौशल्य मानून मालक त्यासाठी दाम मोजतो. मातृभाषा मात्र पावसासारखी आकाशातून फुकट पडते, अशी त्याची समजूत असते. परिणाम असा होतो की हुशार कर्मचारी आपल्याला वेल्श येते हे लपवू लागतो. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील आपल्या कारकून-वाचकांना हिंदीच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी रोख बक्षिसे आणि एका वर्षापुरती वैयक्तिक वेतनवाढ ठाऊक आहे. त्या योजनेविषयी कोणाचे काही मत असो. भाषेचे ज्ञान हे कामाचे कौशल्य आहे आणि त्याला दाम आहे, हे तत्त्व तीत मान्य झालेले आहे. वेल्समध्ये नोकरीच्या जाहिरातीत वेल्श ‘आवश्यक’ असे लिहिण्यास कायद्याने शिकविले. त्या आवश्यकतेचे वजन वेतनश्रेणीत दिसावे, हे मात्र सर्वत्र झालेले नाही.

आणि ‘आवश्यक’ या शब्दाने ज्यांचे पोट दुखते त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण वेल्समधील पाचांपैकी चार माणसे वेल्श बोलत नाहीत आणि तीही वेल्शच आहेत. पूर्वीच्या ग्विनेद परगण्यात एका वृद्धाश्रमातील नोकरीसाठी दोन स्थानिक स्त्रियांनी अर्ज केले. त्यांना वेल्श येत नाही म्हणून ते नाकारण्यात आले. आपल्यावर वांशिक अन्याय झाल्याची त्यांची तक्रार कामगार न्यायाधिकरणाने उचलून धरली. १९८६ साली अपिलात निकाल फिरला. वेल्श बोलणारे आणि न बोलणारे वेल्श लोक हे दोन निराळे वंश होत नाहीत, असे अपिलीय न्यायाधिकरणाने ठरविले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच म्हटला पाहिजे. आश्रमातील वृद्धांची भाषा समजणे हा त्या नोकरीचाच भाग आहे. ज्याला पोहता येत नाही त्याला तलावावर रक्षक नेमीत नाहीत आणि त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. तरीही त्या दोघींच्या मनातील शल्य खोटे नव्हते. त्यांच्या आजीआजोबांच्या तोंडची भाषा त्यांच्यापर्यंत पोचली नाही हा त्यांचा अपराध नव्हता. ज्या व्यवस्थेने ती पोचू दिली नाही तिनेच पुढे तिची परीक्षा घेतली, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

यातून निघालेली वाट शहाणपणाची आहे. मानकांप्रमाणे प्रत्येक रिक्त जागेची पारख करून ती चारांपैकी एका वर्गात घालावी लागते: वेल्श आवश्यक, नेमणुकीनंतर शिकणे आवश्यक, असल्यास उत्तम, किंवा जरूर नाही. प्रश्न माणसाला विचारण्याऐवजी जागेला विचारला जातो. यांतील दुसरा वर्ग सर्वांत मोलाचा, कारण तो दार बंद न करता उंबरठा ठेवतो. शिकण्याचा खर्च मालकाचा आणि वेळ कामाचा, हे त्याला जोडले की तक्रारीची धार पुष्कळ बोथट होते. कचेरीतील प्रत्येकाला वेल्श यावी असा अट्टहास कोठेच आवश्यक नाही. प्रत्येक पाळीत खिडकीवर एक तरी जाणता मनुष्य असावा, एवढी तजवीज पुरे. नेमकी तीच होत नाही. जाणकार तिघे असले तर तिघेही एकाच पाळीत आणि दुसरी पाळी कोरडी, ही पाळ्या लावणाऱ्याची हलगर्जी आहे. तिचे खापर भाषेवर फोडता येत नाही.

खाजगी दुकाने, उपाहारगृहे आणि बँका या मानकांच्या बाहेर आहेत. तेथे आयुक्तांकडून मिळणाऱ्या ऐच्छिक मान्यतेवरच काय ते भागवावे लागते. २००७ साली बँगोर येथील एका प्रवासी कंपनीच्या शाखेत कामाविषयी आपसांत बोलतानाही इंग्रजीच वापरावी, असे कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले आणि गहजब उडाला. बँगोर हे ज्या ग्विनेदमध्ये येते तेथे आजही शंभरातील चौसष्ट माणसे वेल्श बोलतात आणि तेथील परिषदेचा अंतर्गत कारभार वेल्शमध्ये चालतो! म्हणजे परिषदेच्या कचेरीत जी भाषा अंगवळणी पडलेली, तीच त्याच गावातील दुकानात शिस्तभंग ठरू शकत होती. कर्मचारी आपसांत कोणत्या भाषेत बोलतात याच्याशी ग्राहकसेवेचा संबंध काय, असे विचारणाऱ्याने एवढे पाहावे की जी भाषा दुकानाच्या आतल्या बाजूस मना केली जाते ती गल्ल्यावर हसतमुखाने बाहेर येणे शक्य नाही.

सरकारने २०१७ साली वेल्श बोलणाऱ्यांची संख्या २०५० पर्यंत दहा लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि त्याचा बहुतेक भार शाळांवर टाकला. शिक्षक-वाचकांना हा अनुभव नवा नाही. समाजाला जे जमत नाही ते शाळेच्या वेळापत्रकात घालून मोकळे होण्याची रीत सर्वत्र आहे. १९९९ पासून वेल्समधील प्रत्येक मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत शाळेत वेल्श शिकते. तरी ५ ते १५ वर्षांच्या मुलांत वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये शेकडा ४०.३ होते, ते २०२१ मध्ये ३४.३ वर आले. पहिला पगार ज्या भाषेत मिळतो त्याच भाषेकडे मुलाचे लक्ष लागलेले असते. वेल्शवाचून आपल्या गावच्या बँकेत काही अडत नाही आणि वेल्श आल्याने काही मिळतही नाही, हे चौदाव्या वर्षी पोराला जेवढे नीट कळते तेवढे मंत्र्यांना कळत नसावे.

तेव्हा पुन्हा त्या २२ जणांकडे. बँकेला आपला हिशेब खरोखरच पारखून पाहावयाचा होता तर त्याचा मार्ग फार खर्चाचा नव्हता. ग्विनेद, अँगल्सी आणि कार्मार्थनशायर येथील ग्राहकांनी दूरध्वनी केला असता वर्षभर पहिले अभिवादन वेल्शमध्ये करावयाचे, शाखांतील जाणत्या कारकुनांना नारिंगी चिन्हे लावून रांगेच्या तोंडाशी बसवावयाचे, त्या वर्षापुरता त्यांना थोडा अधिक पगार द्यावयाचा आणि मग वेल्शमध्ये किती काम झाले ते मोजावयाचे. त्यानंतरही आकडा २२ च निघाला असता, तर बँकेशी वाद घालण्यास कोणालाच जागा राहिली नसती.